शांततेचं भाडं

भाचीच्या लॅपटॉपवर एक चित्र उघडं होतं. आडव्या बाजूला फ्रीक्वेन्सी, उभ्या बाजूला वेळ आणि सगळा पडदा गर्द निळा. त्या निळ्यावर जागोजाग पिवळ्याधमक रेघा खालपासून वरपर्यंत गेलेल्या, मधेच एखादा आडवा फराटा. रविवारची सकाळ होती, सुदामानगरातलं आमचं घर, टेबलावर पोह्यांच्या बशा. ती सिमरोलला, आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्रात पीएच.डी. करते आणि तिचा डेटा येतो पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी ह्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडून.

"मावशी, ह्या पिवळ्या रेघा म्हणजे आपण."

"आपण म्हणजे?"

"आपण माणसं. ह्या मोबाइलच्या, ह्या उपग्रहाच्या, हा फराटा बहुतेक विजेच्या तारेचा. हे सगळं बेकार. फ्लॅग करून टाकून द्यायचं."

"आणि तुझी आकाशगंगा कुठली?"

"ती दिसत नाही. ती ह्या निळ्यात खोल बुडालेली आहे. तासन्‌तासांचा डेटा एकावर एक रचला की कुठे उमटायला लागते."

मी पुष्कळ वेळ त्या पिवळ्या रेघांकडे पाहत राहिले. दूरसंचार खात्यात माझं सगळं आयुष्य गेलं. झाबुआहून इंदूरला ट्रंक कॉल लागायला दिवस जायचा, त्या काळात मी नोकरीला लागले. माळव्यात आणि निमाडात गावोगाव मनोरे उभे राहिले, त्यांतल्या कित्येकांच्या पायाभरणीला मी उन्हात उभी होते. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आम्ही हवा भरत होतो. रिकामी म्हणून जी जागा आम्ही वापरायला घेतली, ती रिकामी नव्हती.

म्हणून हा लेख. मला म्हणायचं आहे ते इतकंच: खोडदच्या परिसरात रेडिओलहरींची जी शांतता उरली आहे ती देशाची मालमत्ता आहे, ती जपलीच पाहिजे. आणि ती जपण्याची किंमत आजवर एकट्या जुन्नर-नारायणगावच्या लोकांनी भरली आहे, हा अन्याय आहे. तिथल्या शांततेवर ज्यांचं संशोधन, ज्यांच्या पदव्या, ज्यांचा लौकिक उभा राहतो, त्यात आम्ही इंदूरकरही आलो. भाडं आपणही भरायला हवं.

आकाशातून येणारा रेडिओ संकेत किती क्षीण असतो, हे आधी समजून घेऊ. साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू ठेवला, तर इथल्या दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. चंद्रावरचा मोबाइल! आणि आपण बोलतोय तो खोडदच्या कुंपणाबाहेर, बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या खिशातला. तिथे पाहुण्यांना मोबाइल बंद करायला सांगतात ते एवढ्यासाठी.

जीएमआरटीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांब पसरल्या आहेत. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. एका तारकेची लहर ह्या तबकडीवर आधी पोचते, त्या तबकडीवर कणभर उशिरा. तो उशीर मोजायचा, आणि प्रत्येक तबकडीची जोडी दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी लावायची. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाकडे वेगळ्या कोनातून पाहते आणि रात्र सरता सरता २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीला दिसावं इतकं बारीक चित्र हाती येतं. शेतं, ओढे, गावं, सगळं त्या दुर्बिणीच्या पोटात. म्हणूनच तिला कुंपण घालता येत नाही. तिचं कुंपण म्हणजे आजूबाजूच्या लोकांचं वागणं.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण रचली तेव्हा जागा फार विचाराने निवडली. मुंबई-पुण्याच्या गोंगाटाला आडवे येणारे सह्याद्रीचे डोंगर, मोठे कारखाने नाहीत, आणि तरी पुणं हाकेच्या अंतरावर. तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या पोलादी दोरांवर तारांची जाळी बसवून केल्या. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीसुद्धा आरशासारखी असते आणि वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे खर्च कितीतरी कमी झाला. १९६५ साली कल्याणला लहान तबकड्यांची ओळ लावून ज्या माणसाने सुरुवात केली, १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण उभी केली, त्याच माणसाचं हे काम. २००१ साली जीएमआरटी देशाला अर्पण झाली.

आता माझ्या जुन्या धंद्यातली गोष्ट सांगते, कारण खरा तंटा तिथेच आहे.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ. ही फ्रीक्वेन्सी जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावतं आहे, त्यामुळे दूरच्या आकाशगंगेहून निघालेली ही लहर वाटेत ताणली जाते आणि राखीव जागा सोडून खाली घसरते. २०२३च्या जानेवारीत जीएमआरटीतून एका आकाशगंगेचा हायड्रोजन टिपल्याची बातमी आली होती. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर! २१ सेंटिमीटरची ४८ सेंटिमीटर झालेली. वाटेत दुसरी एक आकाशगंगा आड आली आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने तो संकेत भिंगासारखा तीसेक पट मोठा केला, म्हणून तर सापडला. हे काम करणाऱ्या दोघांपैकी अर्णब चक्रवर्ती यांनी आधी जीएमआरटीच्या डेटावर संशोधन केलं ते आमच्या आयआयटी इंदूरमध्ये. दुसरे, निरुपम रॉय, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले (आयआयएससी).

ती लहर पोचली तेव्हा तिची फ्रीक्वेन्सी होती सुमारे ६२० मेगाहर्ट्झ. दूरसंचारात काम केलेल्या कुणालाही हा आकडा ऐकून चमकायला होईल. २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात, म्हणजे सरकार मोबाइल कंपन्यांना फ्रीक्वेन्सीचे पट्टे विकतं त्या लिलावात, ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा विक्रीला होता. त्याला एकही बोली लागली नाही, एवढाच तो दिलासा. पुढच्या एखाद्या लिलावात लागेल. ७०० आणि ९०० तर आजच मोबाइलकडे आहेत. विश्वाचा इतिहास जितका जुना वाचायचा, तितका तो आपण विकायला काढलेल्या पट्ट्यांत लिहिलेला आहे.

कृष्णविवरांचंही तसंच. २०१९ साली एम८७ नावाच्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं, नारिंगी कड्याचं, ते सगळ्यांनी पाहिलं. ते पृथ्वीभर विखुरलेल्या दुर्बिणींनी मिलिमीटरच्या लहरींत टिपलेलं होतं. जीएमआरटीची कामगिरी वेगळी. कृष्णविवर जेव्हा खवळतं तेव्हा त्यातून निघालेले झोत लाखो प्रकाशवर्षं दूर जातात. झोत थांबला की त्यातले कण हळूहळू थंडावतात आणि आखूड लहरींत दिसेनासे होतात. लांब लहरींत मात्र ते पुढेही कितीतरी काळ मंद तेवत राहतात. चूल विझली तरी राखेत हात घातला की ऊब लागते, तशी. ही राख चाचपायला मीटरभराच्या लहरीच लागतात.

२०२० साली भुजंगधारी नावाच्या आकाशगंगांच्या समूहात अशीच एक राख सापडली. ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या समूहात एका कृष्णविवराने कधीकाळी केलेल्या स्फोटाने तप्त वायूत एवढी पोकळी पाडली आहे की आपल्या आकाशगंगेएवढ्या पंधरा आकाशगंगा तीत ओळीने मावतील. पोकळीची कड क्ष-किरणांत दिसत होती, पण आत काय भरलंय ते ऑस्ट्रेलियातली एक दुर्बीण आणि आपली जीएमआरटी यांनी दाखवलं. २०२४ साली पोर्फिरियन नावाची झोतांची जोडी जाहीर झाली, टोकापासून टोकापर्यंत २.३ कोटी प्रकाशवर्षं. सापडली युरोपातल्या दुर्बिणीला, पण एवढा लांब झोत नेमका कोणत्या आकाशगंगेच्या पोटातून निघाला ते हुडकायला खोडद लागलं. २०२३च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद हेलकाव्यांचे पुरावे आले, महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना उठणारे हेलकावे. त्यातही भारतीय गटाची जीएमआरटीतली मोजमापं होती.

हे सगळं मी सविस्तर सांगितलं, कारण पुढचा प्रश्न पोटाचा आहे आणि त्याच्यासमोर "विज्ञान महत्त्वाचं" एवढं मोघम वाक्य टिकत नाही.

पुणे-नाशिक जलद रेल्वेची मागणी जुनी आहे. त्या दोन शहरांमध्ये आजही थेट रेल्वेमार्ग नाही. सुमारे २३५ किलोमीटरचा जो मार्ग आखला होता तो संगमनेर, नारायणगाव असा. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की त्या मार्गाने जीएमआरटीला बाधा येईल, मार्ग बदलावा लागेल. विजेवरची गाडी म्हणजे डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार, तिला घासत जाणारा पँटोग्राफ, त्याच्या ठिणग्या आणि डब्यात हजार मोबाइल. आक्षेप खरा आहे. खांबावरच्या एका सैल जोडणीतून उडणारी ठिणगीसुद्धा त्या दुर्बिणीला दिसते. पण संगमनेर-जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी मूळ मार्गासाठी आवाज उठवला, तोही तितकाच खरा आहे.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. भाचीबरोबर मी एकदा गेले होते. इंदूरहून आग्रा रोडने सेंधवा, धुळे, मालेगाव, नाशिक आणि मग संगमनेरवरून खाली. आसपासच्या शाळांची पोरं पुठ्ठ्याची, पत्र्याची प्रतिकृती घेऊन उभी होती. सातवीतल्या एका मुलीने भरल्या मांडवात मला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, समजावून सांगितला, एकही शब्द न अडखळता. तिला आणायला आलेले आजोबा द्राक्षवाले शेतकरी. मी इंदूरची, भाची ह्याच दुर्बिणीवर काम करते असं सांगितल्यावर त्यांना आनंद झाला. मग म्हणाले, "ताई, तबकड्या आमच्याच हायेत. आम्ही त्यांना काय होऊ देनार न्हाय. पन गाडी तिकडून न्यायची ठरली, ते आमाला इचारून ठरलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. रेल्वेची वाट पाहणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. इंदूर-मनमाड लाइन ऐकत ऐकत आम्ही म्हाताऱ्या झालो. माझे वडील तिच्याबद्दल बोलायचे, मग भाऊ बोलायला लागला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये एकदाची मंजुरी आली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. त्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. उद्या कुणी मला सांगितलं असतं की मनमाड लाइन रद्द, कारण बडवानीजवळ एक दुर्बीण आहे, तर भाची पीएच.डी. करत असूनही मला राग आला असता.

ह्यावर काहीजण म्हणतात, आता एसकेए, म्हणजे अनेक देशांनी मिळून उभारलेली नवी रेडिओ दुर्बीण, होतंय, मग जीएमआरटीचा अट्टहास कशाला. भारत सरकारने एसकेएसाठी १,२५० कोटी मंजूर केले आहेत, आपल्या मनमाड लाइनच्या चौदाव्या हिश्श्याएवढे, आणि मला ते योग्य वाटतात. पण त्या दुर्बिणी ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटांत उभ्या राहत आहेत, दोन्ही विषुववृत्ताच्या खाली. पोर्फिरियन उत्तर ध्रुवाच्या बाजूला आहे. ऑस्ट्रेलियातून तो क्षितिजावर जेमतेम डोकं काढेल, खोडदहून चांगला उंच दिसतो. उत्तरेचं आकाश दक्षिणेतून वाचता येत नाही. दुसरं म्हणजे आपल्या तंत्रज्ञांचा हात खोडदला बसला म्हणून एसकेएचं नियंत्रण-सॉफ्टवेअर घडवण्यात भारताला मोठा वाटा मिळाला. विद्यार्थ्याला पहिला डेटा घरच्या दुर्बिणीचा मिळतो, तिथेच त्याच्या चुका होतात, तिथेच तो शिकतो.

"सॉफ्टवेअरने गाळून टाका ना तो गोंगाट" हेही ऐकू येतं. गाळतातच. पण गाळायचं म्हणजे त्या वेळेचा, त्या फ्रीक्वेन्सीचा डेटा फेकायचा. पुसलेल्या अक्षरांच्या जागी कोरा कागद उरतो, खालचं अक्षर परत येत नाही. शिवाय आता संकट वरूनही आलंय. खालच्या कक्षेत फिरणाऱ्या हजारो इंटरनेट उपग्रहांच्या यंत्रणेतून नको त्या लहरी झिरपतात, हे २०२३ आणि २०२४ साली नेदरलँड्समधल्या दुर्बिणीने मोजून दाखवलं. ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे जीएमआरटीही जिथे ऐकते तिथे. त्यावर डोंगराची आडभिंत उपयोगाची नाही. म्हणून जमिनीवरची उरलीसुरली शांतता आणखी मोलाची.

इतरांनी काय केलं? अमेरिकेने १९५८ साली ग्रीन बँक वेधशाळेच्या भोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचं शांत क्षेत्र आखलं. दक्षिण आफ्रिकेने २००७ साली खास कायदाच केला. पण दुर्बीण आहे त्या कारू भागातल्या मेंढपाळांनी तक्रारी केल्या, मोबाइल गेले, दळणवळण तुटलं. कायदा झाला म्हणून माणसं राजी होत नाहीत. मला ऑस्ट्रेलियाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तिथल्या दुर्बिणीची जागा, मर्चिसनची जमीन, वजारी यमाजी ह्या मूळनिवासी लोकांची. त्यांच्याशी रीतसर करार झाला, त्यांचे हक्क आणि फायदे लिहून दिले गेले, आणि वेधशाळेला नाव मिळालं त्यांच्या भाषेतलं, 'इन्यारिमन्हा इल्गारी बुंदारा', म्हणजे आकाश आणि तारे वाटून घेणं. २०२२ साली हे घडलं. आपल्याकडे दक्षिण आफ्रिकेसारखा स्वतंत्र कायदा नाही आणि मर्चिसनसारखा करारही नाही. खोडदची शांतता टिकली आहे ती सरकारी पत्रव्यवहारावर आणि लोकांच्या समजूतदारपणावर.

आमच्या माळव्याबद्दल म्हण आहे, "डग-डग रोटी, पग-पग नीर". पावलापावलावर पाणी. ते पाणी कुणाचंच नव्हतं म्हणून सगळ्यांनी उपसलं, प्रत्येकाने आपापली बोअर खणली, कुणीच चुकीचं वागलं नाही आणि पाणी संपलं. १९७८ साली सत्तर किलोमीटरवरून डोंगर चढवून नर्मदा इंदूरला आणावी लागली. हवेतली शांतता पाण्यासारखीच उपसली जाते, आणि तिच्यासाठी दुसरीकडे नर्मदा नाही.

जपण्याची रीत आपल्याला परकी नाही. उज्जैनची जयसिंहाची वेधशाळा मोडकळीला आली होती, १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा माणूस तिथे बसून वेध घेऊ लागला. पैसा दरबाराचा होता, उज्जैनच्या शेतकऱ्याला त्यापायी काही सोडावं लागलं नव्हतं.

मग खोडदसाठी काय करता येईल? मी अभियंता आहे, मला करता येण्यासारख्या गोष्टी सुचतात. पहिली, ऑप्टिकल फायबर. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश रेडिओलहर सोडत नाही. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत आणि बाजार समितीत देशातलं सर्वांत वेगवान फायबर फुकट जायला हवं. मनोरे कमी असण्याची ती भरपाई, आणि ती दुर्बिणीलाही सोयीची. ज्या भागाला मोठे कारखाने नाकारले, त्याला शीतगृहं आणि टोमॅटो-द्राक्षांची प्रक्रिया केंद्रं द्या. आवरण घातलेल्या, रेडिओ गोंगाट न करणाऱ्या मोटरी घ्या, थोड्या महाग पडतात, तो फरक सरकारने सोसावा. रेल्वे वळवली तर वळवलेल्या मार्गाच्या स्टेशनापर्यंत नारायणगावहून चौपदरी रस्ता आणि शेतमालाला भाड्यात सूट, हे रुळांआधी लिहून द्यावं. आणि ह्या सगळ्याचा खर्च विज्ञानाच्या खर्चात धरावा. दुर्बिणीची जाळी जशी दुर्बिणीचा भाग, तशी ही शांतताही.

आपल्या घरातलाही वाटा आहे. गेल्या पावसाळ्यात आईचा जुना ट्रान्झिस्टर काढला. मालवा हाऊसवरून, म्हणजे इंदूर आकाशवाणीवरून, गाणी ऐकत तिने वर्षानुवर्षं स्वयंपाक केला तो ह्याच्यावरच. मीडियम वेव्हवर नुसती घरघर. मी सुटे भाग पाहिले, अँटिना पाहिली. शेवटी स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा बंद केला आणि घरघर थांबली. त्या दिव्याच्या पोटातलं हलक्या प्रतीचं सर्किट दिवसरात्र गोंगाट करत होतं, आणि असे दिवे घरोघरी आहेत. त्यांची मानकं कडक करणं आणि दुकानात तपासणं, हे काम मनोरे हलवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

आणि ६०० मेगाहर्ट्झ. पुढच्या लिलावाआधी खोडदच्या परिघापुरता तो पट्टा वगळावा, एवढं एक पत्र आयआयटी इंदूरच्या विद्यार्थ्यांनी, आमच्यासारख्या निवृत्तांनी, इथल्या मराठी मंडळांनी लिहायला हवं. माझा मसुदा तयार आहे. त्यात दुसरी मागणीही आहे, नारायणगावच्या फायबरची, आणि ती मी पहिल्या क्रमांकावर घातली आहे. भाची म्हणाली, "मावशी, आधी स्पेक्ट्रम लिही ना." मी क्रम बदललेला नाही.